आरशाखालचं बटण

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मी हिंगोलीत ज्या खोलीत राहत होतो, ती खरं तर एका गॅरेजचा मागचा भाग होती. मध्ये पातळ भिंत आणि भिंतीपलीकडे एक मोठी परदेशी बनावटीची गाडी. घर एका निवृत्त मुख्याध्यापकांचं होतं. नोकरीच्या सुरुवातीला ते आमच्या गावी, साखऱ्याच्या शाळेवर होते आणि माझे वडील त्यांच्या हाताखाली चौथीपर्यंत शिकले होते. पुढं वडिलांची शाळा सुटली आणि ते दुसऱ्यांच्या वावरात कामाला लागले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला.

मला घेऊन वडील त्यांच्या दारात उभे राहिले तेव्हा काय बोलावं हे त्यांना सुचत नव्हतं. तेवढ्यात आतून सरांनीच हाक मारली, "जयभीम, ये ये. भाईर काहून उभा राह्यला?" वडिलांनी भाड्याचा विषय काढला तर म्हणाले, "शटरकडं बघंल तुजं लेकरू. तेच भाडं."

हे शटर आमच्या गल्लीत प्रसिद्ध होतं. सरांचा एकुलता एक मुलगा अमेरिकेत कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. आधी तो पुण्यात असे, तेव्हाची ती गाडी. मी राहायला जाण्याच्या आधी तो सुट्टीवर आला होता, तेव्हा पुण्यात मित्राकडं पडून असलेली गाडी हिंगोलीला आणून ठेवली आणि नांदेडहून माणसं बोलावून गॅरेजच्या शटरला मोटर बसवून घेतली. रिमोट दाबला की शटर आपोआप वर जायचं. लोक उभे राहून बघायचे. पण ते दिवस लोडशेडिंगचे. लाइट गेली की मोटर मुकी व्हायची आणि मग बाजूची साखळी ओढून शटर वर न्यावं लागायचं. ते माझं काम. समोरचा टेलर मला साखळी ओढताना बघून सरांना ऐकवायचा, "सर, दार अमेरिकेचं, पन लाइट तर हिंगोलीचीच!"

सरही हसायचे. गाडी बसून राहू नये म्हणून ते आठवड्यातून एकदा ती कनेरगाव नाक्यापर्यंत न्यायचे, तिथं धाब्यावर चहा प्यायचे आणि परत यायचे. बस, एवढाच तिचा प्रवास.

गाडीत मागचं बघायच्या आरशाखाली तीन बारीक बटणं होती. त्यातल्या एकाला हे शटर ओळखायला शिकवलं की मग रिमोटची गरज नाही, गाडीत बसल्या-बसल्या बटण दाबायचं आणि दार उघडायचं, अशी ती सोय होती. मुलाला तेव्हा ते करायला वेळ झाला नव्हता. पुढच्या वेळी आलो की करतो, असं सांगून तो गेला होता.

घरी कुणी आलं की सर त्याला गाडीत बसवायचे आणि बोट दाखवून सांगायचे, "हे शिकवायचं राह्यलंय अजून. पोरगं आलं की करंल."

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, ओट्यावरून बोलायच्या, "हातात रिमोट असताना बटण कशाला पायजे, मी म्हन्ते. एका दाराला किती किल्ल्या लावता?"

मला सरांसाठी काहीतरी करावंसं वाटायचं. फुकट राहतोय ही गोष्ट मनात असायची. मी गाडीच्या खणातलं इंग्रजी पुस्तक काढलं आणि शब्दकोश घेऊन बसलो. समजायला वेळ लागला, पण समजलं. कडेची दोन बटणं दाबून धरायची, बारीक दिवा भराभर लुकलुकायला लागला की आधीचं सगळं पुसलं गेलं. मग शटरचा रिमोट आरशाजवळ धरून त्याची ओळख करून द्यायची. शेवटी वर मोटरच्या डब्यावरचं बटण दाबायचं आणि त्यानंतर अर्ध्या मिनिटाच्या आत गाडीतलं बटण दाबायचं. एक माणूस वर स्टुलावर आणि एक गाडीत असला म्हणजे झालं.

मी सरांना म्हणालो, "सर, मी करून देऊ का ते? जमंल मला."

"राहू दे."

"सोपं हाय सर, मी वाचलंय—"

"सोपं हाय म्हणूनच राहू दे," सर म्हणाले आणि पुस्तक पुन्हा खणात ठेवून दिलं.

मला वाटलं, मी गाडीला हात लावलेला त्यांना आवडला नसावा. दोन-तीन दिवस मी जरा गप्प राहिलो. काकूंच्या ते लक्षात आलं. तांदूळ निवडता निवडता त्यांनी मला समोर बसवलं.

"तुज्यावर न्हाई राग त्यांचा. तो मिक्सर बघितला का? कवाचा बंद पडून हाय. नीट करू देत न्हाईत. पोरगं आलं की करंल म्हन्तेत. आता ते कॉम्प्युटरचं इंजिनिअर, मिक्सरचं हाय का?"

"मग?"

"मागच्या बारीला आला त्यो. गाडी ठेवली, शटर लावलं, अन् दुसऱ्या दिवशी म्हन्ला, करमत न्हाई मला, काम काय हाय इथं? गेला निघून. तवापासून हे त्याच्यासाठी कामं जमा करून राह्यले. कामं असली की राहील म्हन्तेत."

त्या एवढंच बोलल्या आणि सुपातला खडा बाहेर फेकला. त्यानंतर मी त्या बटणाचा विषय काढला नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला लागली. शनिवार आला की सर मला घरी पिटाळायचे. परीक्षा जवळ आहे म्हणालो तरी ऐकायचे नाहीत. "सेनगावची गाडी पकड अन् साखऱ्याला जाय. अभ्यास तिकडं बसून कर. बाप काही बोलायचा न्हाई तुजा, पन वाट बघत असंल." मी कधी जायचो, कधी जात नसे. तेव्हा मला गावापेक्षा हिंगोलीत बरं वाटायचं, हे खरं आहे.

त्या थंडीत मुलगा आला. मी त्याला दादा म्हणायला लागलो. आठवडाभर राहतो म्हणाला होता. सरांनी गॅरेज धुऊन घेतलं, स्टूल पुसून ठेवला, रिमोटमध्ये नवा सेल टाकला. पहिला दिवस तो झोपूनच होता. दुसऱ्या दिवशी नाष्टा झाल्यावर सर म्हणाले, "तेवढं बटणाचं बघतो का?"

"अरे हो, ते राहिलंच की," दादा म्हणाला. तो चांगला माणूस होता, हे मला सांगितलं पाहिजे. माझ्याशी नीट बोलायचा, माझा अभ्यास विचारायचा. पुस्तक मांडीवर घेऊन तो गाडीत बसला, मी स्टुलावर चढलो आणि सर मफलर बांधून प्लास्टिकच्या खुर्चीवर मधोमध बसले. दादाने रिमोट आरशाजवळ धरला, दिवा लुकलुकला, "हं, आता दाब वरचं," असं तो म्हणाला आणि लाइट गेली.

"गेली का?" सरांनी विचारलं. "गेली वाटतं!"

"बाबा, तुम्ही हसताय काय?"

"हसत न्हाई रे. आता दुपारपत्तर येत न्हाई ती. चहा सांगतो."

लाइट नसताना दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. दोघं तिथंच बसून राहिले. मी माझ्या खोलीत गेलो, पण भिंत पातळ होती. तिकडं बर्फ पडतो तेव्हा गाडी कशी काढता, दारापुढचा बर्फ कोण उचलतं, स्वयंपाक कोण करतं, असं सर विचारत होते आणि दादा सांगत होता. मग सरांनी साखऱ्याच्या शाळेतली एक गोष्ट सांगितली, मधल्या सुट्टीत वर्गात शिरलेल्या बैलाची. दादा इतका जोरात हसला की काकू बाहेर आल्या. मी त्या घरात राहायला आल्यापासून तिथं असं हसणं ऐकलं नव्हतं.

दुपारी लाइट आली तर व्होल्टेज कमी होतं, मोटर नुसती गुरगुरली. तिसऱ्या दिवशी पुन्हा वेळ जुळेना. दादा वैतागायचा, "कसं राहता हो तुम्ही इथं?" आणि सर म्हणायचे, "सवय हाय. घाई काय हाय तुला?" पुन्हा चहा, पुन्हा गप्पा. मला वाटतं, आयुष्यात लोडशेडिंगचं स्वागत सरांनी तेवढ्या दोन दिवसांतच केलं असेल.

चौथ्या दिवशी सकाळी जमलं. मी वरचं बटण दाबलं, "दाबलं दादा!" म्हणून ओरडलो, त्याने गाडीतलं दाबलं आणि शटर खडखडत वर गेलं. सकाळचं ऊन एकदम आत आलं. दादा आनंदाने ओरडला. मीही ओरडलो. सरांनी टाळ्या वाजवल्या.

जेवताना दादा म्हणाला, "चला, ते एक काम संपलं. आई, मी उद्याच निघू का? पुण्यात दोन-तीन जणांना भेटायचं राहिलंय."

"मिक्सर..." सर म्हणाले.

"बाबा, तो किती जुना झालाय. मी नवीनच घेऊन देतो ना."

संध्याकाळपर्यंत नवीन मिक्सर आला. दुसऱ्या दिवशी दादा गेला.

त्यानंतर असेच काही दिवस गेले. एका दुपारी मी कॉलेजातून आलो तर शटर अर्धं वर होतं. वाकून आत बघितलं. सर गाडीत बसले होते. त्यांनी दोन बोटांनी आरशाखालची कडेची दोन बटणं दाबून धरली होती आणि ते त्या दिव्याकडं बघत होते, डॉक्टर नाडी धरून घड्याळाकडं बघतो तसं. थोड्या वेळाने दिवा भराभर लुकलुकायला लागला. सरांनी हात खाली घेतला आणि मग त्यांना मी दिसलो.

"धूळ पुसून राह्यलो," ते म्हणाले.

त्यांच्या हातात फडकं नव्हतं. मी "व्हय सर" म्हणालो आणि खोलीत गेलो.

रविवारी दादाचा फोन आला. खुशाली झाली आणि सर म्हणाले, "अरे, ते बटण चालंना झालंय... काय की बा... लाइट जाऊन-जाऊन विसरलं असंल... तसं विसरत न्हाई म्हन्तो? मग काय झालं असंल? तूच बघ आता आल्यावर." मग ते ऐकत राहिले. चेहरा हळूहळू बदलत गेला. त्यांनी फोन माझ्याकडं दिला. "तुला बोलावून राह्यला."

दादा म्हणाला, "अरे, ते बटण पुसलं गेलंय वाटतं. तू होतास ना तेव्हा, करून टाक परत."

सर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत उभे होते. मी सगळं बळ एकवटून म्हणालो, "दादा, मला न्हाई जमायचं ते. तुमीच या."

तिकडून हसू आलं. "सायन्सचा ना तू? अरे, दोन मिनिटांचं काम आहे. त्याच्यासाठी मी अमेरिकेतून येऊ का?" आणि त्याने मला सगळं पुन्हा नीट समजावून सांगितलं. मी हो-हो म्हणत राहिलो. अजून काय बोलायला हवं होतं, ते मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. पण दुसऱ्याच्या बापाबद्दल त्याच्याच मुलाला काही सांगायचं, एवढी माझी हिंमत नव्हती. घरात राहायला जागा दिलेला मुलगा मी. फोन ठेवला.

"काय म्हन्ला?" सरांनी विचारलं.

"मलाच करायला सांगितलं."

सरांनी रिमोट उचलून माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "मग कर."

"लाइट जाईल सर आता. उद्या बघू."

"हाय ना आता. चल."

आम्ही गॅरेजमध्ये गेलो. मला वर चढू न देता ते स्वतःच स्टुलावर चढले. गुडघे दुखायचे त्यांचे, एक हात मोटरच्या डब्याला धरून ते उभे राहिले. मी गाडीत बसलो. रिमोट धरला, दिवा लुकलुकला.

"दाबू का?" वरून त्यांनी विचारलं.

"दाबा."

"दाबलं बघ."

अर्धं मिनिट होतं. मी बटणावर बोट ठेवून बसलो. लाइट जावी असं मला फार वाटत होतं. त्या वर्षात लाइट नको त्या वेळी इतक्यांदा गेली, तेव्हाच तेवढी गेली नाही. सर वरून म्हणाले, "दाब की रे, येळ चालला." मी दाबलं. शटर वर गेलं.

सर स्टुलावर तसेच उभे होते, शटरच्या गुंडाळीकडं बघत. मी जाऊन हात पुढं केला, तेव्हा माझा खांदा धरून ते खाली उतरले. आज इतक्या वर्षांनी हे लिहिताना वाटतं, मी ते अर्धं मिनिट जाऊ द्यायला पाहिजे होतं. नाही जमलं म्हणायला काय लागत होतं? त्यांनीच दाबायला सांगितलं, हे खरंच आहे. पण तरी वाटतं.

"लाव फोन त्याला," सर म्हणाले. "सांग, चालू झालं म्हनून. अन् इचार, गाडीतलं घड्याळ कसं लावायचं. पुढं चालून राह्यलंय ते."

मी वाकून गाडीतलं घड्याळ बघितलं, मग माझ्या मनगटावरचं. दोन्हीत एकच वेळ होती. मी बघितलेलं सरांनी बघितलं.

"इचार तू," ते म्हणाले.

मी फोन लावला. बटण झालं ऐकून दादाने शाबासकी दिली. घड्याळाचं विचारलं तर म्हणाला, पुस्तकात शेवटी-शेवटी आहे, तूच बघून घे.

"काय म्हन्तो?"

"मला बघून घे म्हनले, सर."

सरांनी मान हलवली. गाडीच्या खणातलं पुस्तक काढलं आणि काखेत धरलं.

"तू नको बघू," ते म्हणाले. "राहू दे तसंच. कवा आला तर बघंल त्यो."

आणि रिमोट घेऊन त्यांनी शटर खाली घेतलं.