उजेडाची फळी

कॉलेजात कुणी विचारलं, तुझे मामा काय करतात, तर मी आधी जरा थांबते. "पिक्चरमध्ये असतात" म्हटलं की समोरच्याचे डोळे मोठे होतात. कोणत्या पिक्चरमध्ये, कोणाबरोबर, फोटो आहे का. मग सांगावं लागतं की ते पडद्यावर कुठंच दिसत नाहीत. ते लाईटमन आहेत. दिवे चढवतात, वायरी ओढतात, आणि उन्हातलं शूटिंग असलं की चंदेरी कागद चिकटवलेली मोठी फळी हातात धरून त्या फळीवरचं ऊन नटाच्या तोंडावर पाडतात. एवढं सांगेपर्यंत विचारणारीचं लक्ष दुसरीकडं गेलेलं असतं.

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. अंबाजोगाईला होस्टेलवर राहते. लिहायची फार सवय नाही, त्यामुळं हे नीट जमेल की नाही माहीत नाही. पण ते दोन दिवस आठवले की आजही मला एका जागी बसवत नाही, म्हणून लिहिते.

माझं आजोळ नेकनूरच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला. माळावर पाच-सहा घरांची वस्ती, आणि आजोबांची मेंढरं. आजोबांना आम्ही सगळे आबाच म्हणतो, मामासुद्धा. मामा एकुलते एक. मेंढरं त्यांनी सांभाळायची हे ठरलेलंच होतं, पण ते ओळखीच्या एका माणसामागं मुंबईला गेले आणि तिथल्या स्टुडिओत दिवे उचलायला लागले. आबांनी भांडण केलं नाही. फक्त त्या कामाबद्दल एक शब्द कधी विचारला नाही. मामा गावी आले की दोघं पाण्यापावसाचं बोलत, कुठल्या मेंढीला काय झालं ते बोलत, आणि गप्प बसत.

मला मात्र मामा आले की उधाण यायचं. टीव्हीवर त्यांनी काम केलेला पिक्चर लागला की मी त्यांच्या शेजारी जागा धरायची. गोष्टीकडं त्यांचं लक्षच नसे. ते एकदम उठून टीव्हीच्या डाव्या बाजूला, पार काचेच्या बाहेर, भिंतीवर बोट ठेवायचे.

"इथं हाय मी. ह्या झाडामागं. आन तिच्या गालावर पडलाय ना उजेड, त्यो माझा."

मग मला त्या बाईचा फक्त गालच दिसायचा. त्यांच्या हातांवर दिव्यांनी पोळल्याचे जुने डाग होते. कुणाच्या लग्नात गेले तरी स्टेजवरचा दिवा चुकीच्या बाजूला आहे म्हणून ते अस्वस्थ व्हायचे आणि शेवटी उठून तो फिरवूनच यायचे. मामी म्हणायची, ह्यांना नवरानवरी दिसतच नाहीत, त्यांच्या नाकाची सावली दिसते.

एकदा वस्तीवर कुणीतरी आबांना विचारलं, पोरगा नेमकं करतो काय. आबा म्हणाले, "फळी धरतो." आणि वर म्हणाले, "फळी तर कुंपणाचा खांब बी धरतो." सगळे हसले. मामाही हसले. पण त्या दिवशी त्यांना एसटीला सोडायला मी गेलते, तेव्हा रस्त्यात ते म्हणाले, "आबानं एकदा मला कामावर बघावं. एकदाच. मग खांब म्हणू दे न्हाईतर काय बी म्हणू दे."

मी बारावीची परीक्षा देऊन आजोळी आले होते तेव्हा ती वेळ आली. होळीच्या आधीचे दिवस. मामांचा फोन आला की एका पिक्चरात म्हातारा मेंढका आपली मेंढरं विकायला निघतो असा प्रसंग आहे, दिग्दर्शकाला पिवळ्या गवताचा उघडा माळ पाहिजे, आणि मामांनी शब्द टाकलाय की माळही आमचा आणि मेंढरंही आमची. इतक्या वर्षांत त्यांनी युनिटमध्ये टाकलेला हा पहिलाच शब्द. फोन ठेवल्यावर मामी दोनदा तुळशीला पाणी घालून आली. मी सगळ्या वस्तीला सांगत सुटले. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मेंढरांना पळवू नका म्हणजे झालं.

गाड्या आल्या तेव्हा धुळीचा लोट आधी दिसला. मग एकामागं एक टेम्पो, जनरेटरची मोठी गाडी, जेवणाची गाडी. आमच्या माळावर एवढी माणसं मी कधी पाहिली नव्हती. कुणी छत्र्या लावतंय, कुणी कॅमेरा सरकवायचे रूळ अंथरतंय, कुणी चहाचे ग्लास घेऊन पळतंय, आणि या सगळ्यात आमचे मामा. घरी हळू चालणारे मामा तिथं धावत होते. कॅमेरामन नुसतं बोट वर करायचे आणि मामा फळी तेवढीच वर करायचे. मला शाळेतल्या कवायतीची आठवण झाली, पण ही कवायत कुणी मोजून घेत नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी मामीचा हात दाबून धरला.

आबा मात्र काही बघत नव्हते. त्यांची नजर मेंढरांवर.

पहिल्या दिवशी लांबून घ्यायचं होतं. म्हाताऱ्या मेंढक्याचं काम करणारे नट स्वतःच वयस्कर होते, आबांची घोंगडी खांद्यावर घेऊन ते टेकाडावरून मेंढरांबरोबर उतरले. आबा खाली, कॅमेऱ्याच्या बाजूला, दिसणार नाहीत असे उभे होते. ते जीभ टाळूला लावून एक आवाज काढतात, टक टक असा. तो ऐकला की मेंढरं कुठूनही त्यांच्याकडं येतात. दिग्दर्शक खूश झाले. एकच गोष्ट बिनसली. मामा फळी घेऊन जरा पुढं गेले की मेंढरं ती चकाकी बघून बुजायची. लांबचं चित्र होतं म्हणून त्या दिवशी फळीवाचून भागलं.

संध्याकाळी दिग्दर्शक आबांपाशी येऊन म्हणाले, "बाबा, छान झालं. उद्या हेच जवळून घेऊ. तुमच्या मेंढरांचे चेहरे दिसतील."

मामा त्यात भर घालत म्हणाले, "आबा, उद्या चांगली घेऊन या."

बास, एवढंच. सकाळी उजाडताच आबा मेंढरं घेऊन पाझर तलावाकडं निघाले आणि मला हाक मारली. आमच्यात दिवाळीच्या पाडव्याला मेंढरं धुतात, रंगवतात आणि ओवाळतात. वर्षातला त्यांचा तो एकच मानाचा दिवस. आबांनी तो दिवस त्या सकाळीच आणला. मामी, मी, वस्तीवरची दोन बायामाणसं, सगळे गुडघाभर पाण्यात. एकेक मेंढी घासून काढली. मग तेलात कालवलेला गेरू घेऊन आबांनी प्रत्येकीच्या पाठीवर लाल पट्टा ओढला, नरांची शिंगं रंगवली, पुढं चालणाऱ्या मेंढीच्या गळ्यात घुंगराचा पट्टा बांधला. मी गेरूची वाटी धरून मागं मागं. आबा म्हणाले, "जग बघणार हाय, पोरी." त्यांच्या तोंडून मुलाच्या कामाबद्दल निघालेलं हे पहिलं कौतुकाचं वाक्य होतं.

दुपारनंतर आम्ही कळप घेऊन माळावर पोचलो. पांढरीशुभ्र, काळीशार, लाल पट्ट्यांची मेंढरं. मला वाटलं टाळ्या पडतील.

सगळे हातातलं काम सोडून बघत राहिले. दिग्दर्शकांच्या मदतनीस ताई डोक्याला हात लावून खालीच बसल्या. मग त्यांनी मोबाईलवर कालचा फोटो काढून आमच्यापुढं धरला. काल मळकी मेंढरं टेकाडावरून उतरत होती. आज तीच मेंढरं, त्याच संध्याकाळी, त्याच म्हाताऱ्याबरोबर, दहा पावलं पुढं यायची होती. त्यांनी मला समजेल असं सांगितलं की लोकांना पडद्यावर दिसेल, मेंढरं टेकाडावर मळकी आणि खाली उतरली की लग्नाला निघाल्यासारखी.

दिग्दर्शक मामांकडं वळले. ओरडले नाहीत, पण हळू आवाजात म्हणाले की दादा, तुमच्या शब्दावर आलो आपण इथं. उद्या नट दुसरीकडं जाणार होते, त्यामुळं जे काय व्हायचं ते आजच. मामांनी मान खाली घातली. आबांना एवढंच कळलं की काहीतरी चुकलं आणि मुलगा त्यांच्यामुळं ऐकून घेतोय. त्यांनी मामांना विचारलं, "कावून रे? वंगाळ दिसतेत का?"

मामा म्हणाले, "न्हाई आबा. लई देखणी दिसतेत. तेच अवघड झालंय."

मेंढरं पुन्हा धुवावी तर गेरू तेलातला. कॅमेरामन बराच वेळ सूर्याकडं बघत फिरले. मग त्यांनी दिग्दर्शकांना सांगितलं की थांबू, सूर्य टेकाडावर टेकू दे, आणि कॅमेरा सूर्याकडं तोंड करून लावू. उजेड मेंढरांच्या मागून आला की ती काळीच दिसतील, धुळीत लाल पट्टा कळणार नाही. अडचण एकच. नटाचा चेहराही काळाच दिसणार. म्हणून फळीचा उजेड फक्त चेहऱ्यावर पाहिजे. एक वीत खाली सरकला तर मेंढरांचे रंग उघडे पडणार.

सूर्य खाली आला. आबांनी टक टक केलं, मेंढरं निघाली, मामांनी समोरून फळी उचलली. चकाकी दिसताच पुढची मेंढी वळली आणि तिच्यामागं सगळी. पुन्हा वर नेली. पुन्हा तेच. मी सूर्याकडं बघत होते. टेकाड त्याला खालून खायला लागलं होतं.

तेव्हा आबा चालत मामांपाशी गेले आणि म्हणाले, "आण इकडं."

मामांना कळलंच नाही.

"फळी आण. माझ्यामागं येतेत ती. मी काय बी धरलं तरी येतेत."

मामांनी कॅमेरामनकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली. आबांनी फळी छातीपुढं धरली, आता त्यांना समोरचं काहीच दिसत नव्हतं. मामा त्यांच्या पाठीला लागून उभे राहिले आणि मागून त्यांची दोन्ही कोपरं हातात घेतली. आबांनी फळीमागून टक टक केलं. आवाज नंतर काढून टाकू, असं कुणीतरी हळूच म्हणालं.

मेंढरं थबकली. घुंगरू एकदा वाजलं. मग पुढची मेंढी त्या चकाकीकडं बघत, आवाजाच्या रोखानं, सरळ चालायला लागली. तिच्यामागं सगळा कळप, सोन्यासारखी धूळ, आणि मध्ये तो म्हातारा. त्याच्या तोंडावर, फक्त तोंडावर, उजेड. तो चालत होता आणि उजेड त्याच्याबरोबर चालत होता. मामा आबांच्या कानाशी बोलत होते, मी जवळच होते म्हणून मला ऐकू येत होतं. "जरा वर. आता डावीकडं, हळू. वारं येतंय, दाबून धरा. खाली नको, आबा, खाली नको. धरा. धरा." वारं फळीला ढकलत होतं, पण फळी हलत नव्हती, कारण चार हात होते.

कट झाला. कॅमेरामननी मान वर करून मामांकडं अंगठा दाखवला. मग काय विचारता. माणसं शिट्ट्या मारायला लागली, मदतनीस ताई मेंढीच्या गळ्यात पडल्या, मी उड्या मारत होते आणि मामी हसता हसता रडत होती.

आबांनी फळी खाली टेकवली. ते खांदे चोळत राहिले. मेंढरं येऊन त्यांच्या पायांशी उभी होती, तरी ते पहिल्यांदाच मेंढरांकडं बघत नव्हते.

"हात भरून आले रे. रोज धरतूस हे?"

"रोज," मामा म्हणाले.

"दिसभर?"

"दिसभर."

आबांनी फळीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "खांबाला न्हाई जमायचं."

मामांनी फळी उचलली आणि गाडीकडं जायला लागले. दोनदा अडखळले. समोर सपाट माळ होता.

पिक्चर आला तेव्हा आम्ही तो बीडला जाऊन पाहिला. आता त्यातला तेवढा तुकडा माझ्या मोबाईलवर आहे. मी आजोळी गेले की आबा तो लावायला सांगतात, आणि वस्तीवर कुणी पाहुणा आला असेल तर त्याला हाताला धरून बाजेवर बसवतात. पाहुणा म्हणतो, आबा, मेंढरं लई भारी दिसतेत. आबा त्याच्याकडं लक्ष देत नाहीत. मोबाईल वाकळेवर ठेवलेला असतो. ते वाकतात आणि मोबाईलच्या बाहेर, चार बोटं अलीकडं, वाकळेवर बोट टेकवतात.

"हितं," ते म्हणतात. "हितं आमी दोघं हाव."