विहीणबाईंचं राहिलेलं पान

उभ्या जिल्ह्यात माझ्या विहीणबाईंसारखी चुका शोधणारी बाई दुसरी सापडायची नाही, आणि सापडलीच तर तिच्या घरात मुलगी देऊ नये. कबनूरला कापडाच्या गोदामात त्यांनी तीस वर्षं मेंडिंग केलं. मेंडिंग म्हणजे मागावरून उतरलेलं कापड टेबलावर पसरायचं, हात फिरवून दोष शोधायचा, चिमट्यानं खराब धागा ओढून काढायचा आणि सुईनं दुसरा असा भरायचा की गिऱ्हाइकाला कळू नये. काम सुटलं, हाताची खोड काही सुटली नाही. कोल्हापूरला माझ्याकडे आल्या की आधी चादरीवरून हात फिरवतात, मग बसतात.

शाळेत असताना त्या गोष्टी लिहायच्या म्हणे. सातवीनंतर लग्न झालं आणि ते राहिलं. साठी उलटल्यावर एकदम वही आणली. पण लिहायचं तर शुद्धच, म्हणून गल्लीतल्या रिटायर मास्तरीणबाईंकडे रोज दुपारी व्याकरण शिकायला जाऊ लागल्या. मास्तरीणबाई कंटाळून जयसिंगपूरला लेकीकडे पळाल्या, तर ह्या एसटीनं मागोमाग हजर. तेव्हापासून छापलेला कागद त्यांच्या तावडीतून सुटेना. माझा भाऊ गेला तेव्हा उत्तरकार्याची पत्रिका पाठवली होती. आल्या, माझ्या गळ्यात पडून रडल्या, डोळे पुसले आणि पिशवीतून पत्रिका काढून म्हणाल्या, "तीन चुका हायत. माणूस गेलेलं, छापणाऱ्यानं जरा तरी बघू नये?" मी म्हटलं, भावाला वाचता येत नव्हतं, त्याला चालतंय.

वहीत काय आहे ते मला ठाऊक होतं. माझी लेक म्हणजे त्यांची सून. चार वर्षांपूर्वी ती तापानं गेली. तिचीच गोष्ट त्या लिहीत होत्या. मी कबनूरला गेले की वाचून दाखवायच्या. लग्नानंतर तिनं पहिल्यांदा केलेला तांबडा रस्सा, तो खारट झाल्यावर कोपऱ्यात तोंड लपवून हसलेली. मी ऐकायची, कारण परतीची एसटी तासाभरानं असायची. गोष्ट तापापर्यंत यायची आणि थांबायची. पुढचं का नाही म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "अजून व्याकरण पक्कं न्हाय, विहीणबाई." मग पुन्हा पहिल्या पानापासून उसवायला बसायच्या. एकदा मास्तरीणबाई एसटी स्टँडवर भेटल्या. म्हणाल्या, वर्ष झालं, त्यांना शिकवण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही, तरी येतात. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. व्याकरण संपलं की ते पान लिहावं लागणार होतं.

गेल्या दिवाळीनंतर गेले, तर त्यांनी वही उघडून माझ्यापुढे ठेवली. "वाचा. मोठ्यानं नको," एवढंच म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. सून तापानं फणफणली होती, सासूनं गोळी दिली आणि दवाखान्याचं उद्या बघू म्हणाली, असे दोन दिवस गेले आणि ते दोन दिवसच महागात पडले, असं लिहिलं होतं. खाली एकच ओळ : दोष सासूचा. पानभर कुठं खाडाखोड नव्हती.

खोटं कशाला बोलू, हे त्यांच्याकडून ऐकायला मी चार वर्षं थांबले होते. पण त्याच दिवसांत पोरीनं मलाही फोन केला होता. मी तिला म्हणाले होते, "सासूबाई सांगत्यात तसं ऐक, थेरं करू नगंस." हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"ह्यात एक धागा राहिलाय," मी म्हटलं. "पेन द्या."

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, अक्षर वाकडं. त्यांच्या ओळीखाली मी माझं बोलणं लिहिलं, जसं बोलले होते तसं. विहीणबाईंनी सवयीनं पेन्सिल उचलली आणि माझ्या ओळीवरून बोट फिरवलं. परत एकदा फिरवलं. मग पेन्सिल खाली ठेवून चहा करायला उठल्या. चहा फार गोड झाला होता. दोघींनी प्यायला.

त्यानंतरही त्यांनी ती वही कितीदा तरी उसवली आणि भरली. माझी ओळ, सगळ्या चुकांसकट, अजून तशीच आहे.