न बोललेला नवस

लोक म्हणतात, एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठलीस, देवीआईची कृपा. मी मान हलवते. खरं सांगायचं तर उपचार संपल्यापासून मला कृपा या शब्दाची भीतीच वाटत आली आहे. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग होता. किरणांचे शेक दिले, आतूनही दिले, सलाइनमधून औषधं दिली, आणि गाठ गेली. पण शेकाने गाठीबरोबर आजूबाजूचंही भाजून काढलं. लघवी धरवत नाही. पोटात कळ येते आणि आवरायच्या आत सुटतं. मधूनच रक्त जातं. संध्याकाळी उजवा पाय सुजून जड होतो. वडगावच्या बाजारात गेले की भाजीच्या आधी मी आडोसा शोधते. हे सगळं मी बायकांजवळही बोलले नाही. ‘जगलीस ना’ म्हणून त्या गप्प करतात, आणि त्यांचंही काही चुकत नाही.

पण सगळ्यात जास्त लपवलं ते वेगळंच. शेक संपले तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टरने एक गुळगुळीत प्लॅस्टिकची कांडी दिली होती. आतली जागा आक्रसून चिकटू नये म्हणून ती नेमाने वापरायची, असं समजावून सांगितलं. मला इतकी लाज वाटली की ती मी जुन्या ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून कपाटात टाकली आणि पुन्हा काढली नाही. व्हायचं तेच झालं. ह्यांनी जवळ घेतलं की सुरी फिरल्यासारखं दुखायचं. ते सांगायला तोंड उघडेना. शेवटी एक दिवस मी बोलून गेले, "मी आईला नवस बोललेय. तपासण्या चांगल्या येऊन तिची ओटी भरेपर्यंत वेगळी झोपेन म्हणून." असा नवस मी कधीच बोलले नव्हते. औंढ्याच्या वरच्या अंगाला डोंगरावर आमची देवी आहे. तिच्या पदराआड मी नवऱ्यापासून लपले.

ह्यांनी शंका घेतली असती तर बरं झालं असतं. पण ते म्हणाले, "तुझा नवस तो माझाही," आणि त्याच दिवसापासून मासळी सोडली. सुकट भाजल्याचा वास शेजारून आला तरी जीव टाकणारा हा माणूस. नणंदेने एकदा त्यांना चिडवलं, "दादा, आता माळच घाल की गळ्यात." ते हसले. मी स्वयंपाकघरात तोंड धुवत राहिले.

मग तपासण्या चांगल्या आल्या. सगळ्यांनी पेढे खाल्ले, मी मात्र नवस फेडायला किती दिवस उरले ते मोजू लागले. आमच्याकडे नवस मनातल्या मनात फेडता येत नाही. काय बोलला होतात, असं गुरव विचारतो, आणि ज्याचा नवस त्यानेच तो आईसमोर मोठ्याने सांगायचा. मग गुरव गाऱ्हाणं घालतो. म्हणजे तिच्या तोंडावर खोटं बोलायचं, आणि घरी आल्यावर नवसाची ती आडही राहायची नाही. त्या दिवसांत भुशीच्या बाजूला गेले की धरणाच्या पाण्याकडे बघून मला हलकं वाटायचं. असं वाटणं चांगलं नव्हे, हे कळत होतं. तरी बघत राहायची.

मंगळवारी आम्ही निघालो. ओटीचं सामान घेऊन हे पुढे, मी मागे. अर्धा चढ झाला आणि कळ आली. "तुम्ही व्हा पुढे, पाय भरलाय माझा," म्हणाले. झाडीपर्यंतही पोचले नाही. नेसलेलं पातळ सगळं भरलं, त्यात रक्तही. पायरीच्या कडेला पाठ टेकून बसले आणि आईला म्हणाले, दारातसुद्धा येऊ देत नाहीस, तर उचल तरी एकदाची.

वरून एक म्हातारी उतरत होती. काखेत पिशवी. माझ्यासमोर येऊन थांबली, नाकाला पदर लावला नाही.

"ऊठ. खाली झरा हाय."

"मावशी, तुम्ही जा. मी बसते."

"बसून वाळनार हाय व्हय ते?"

तिने हाताला धरून मला झऱ्यावर नेलं, पाठ करून आडोशाला उभी राहिली. मी धुतलं. घालायला काही नव्हतं. तिने पिशवीतून हिरवं पातळ काढलं. गुरवाने नुकतंच तिला प्रसाद म्हणून दिलं होतं, देवीच्या अंगावरचं. मी हात मागे घेतला. म्हटलं, माझा विटाळ होईल त्याला.

"तिचं हाय म्हनून तर देती. माजं असतं तर न्हाई दिलं, मला तरी कुटं लय हायती."

मला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. मग कांडीपासून नवसापर्यंत सगळं मी त्या अनोळखी बाईला सांगितलं. तिने निऱ्या सारख्या करून दिल्या आणि विचारलं, "हे तुज्या मालकाला ठावं हाय?"

"नाही."

"मग मला काय सांगतीस? मला बस गाठायचीय."

आणि ती गेलीसुद्धा. नाव विचारायचं राहिलं, गावही.

हे मला शोधत खाली आले. माझ्या अंगावरचं पातळ बघून काही विचारणार, तेवढ्यात मीच सुरुवात केली. त्यांच्याकडे न बघता सगळं सांगितलं. ते पायरीवर बसले. म्हणाले, "दुखतं एवढं सांगायचं होतंस. मी काय जनावर आहे?" त्या वाक्याइतकं मला शेकानेही भाजलं नव्हतं.

तरीही आम्ही वर गेलो. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. गुरवाने विचारलं, "काय बोलला व्हता?" मी म्हणाले, "काहीच बोलले नव्हते. आईचं नाव घेऊन घरात खोटं सांगितलं." गुरव गोंधळला. त्याने ह्यांच्याकडे पाहिलं, हे खाली बघत होते. मग त्याने नारळ उचलला आणि गाऱ्हाणं घातलं, "आई, लेकरू जसं आलंय तसं पदरात घे."

त्यानंतर सगळं सुरळीत झालं, असं नाही. हे कित्येक दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. रक्त अजून जातं, पाय अजून सुजतो. दवाखान्यात मात्र या वेळी ते बाहेर थांबले नाहीत. माझ्या तोंडून जो कधी निघाला नसता, तो आक्रसलेल्या जागेचा प्रश्न त्यांनीच डॉक्टरांना विचारला. उशीर झालाय, थोडं सैल होईल, पहिल्यासारखं होणार नाही, असं उत्तर आलं. मी खाली बघत होते. त्यांनी माझी फाइल स्वतःच्या मांडीवर घेतली आणि म्हणाले, "काय करायचं ते हिला परत एकदा सांगा. मीही ऐकतो."

ती म्हातारी कोण होती, हे मी शोधलं नाही. आईकडे आता बरं कर म्हणून मागणंही मागत नाही. जे जळून गेलं ते परत यायचं नाही. निराशा येते, बसते, काही दिवस हलतही नाही. तेव्हा मी हात जोडून एवढंच म्हणते, आई, ही मी अशी आहे. तुझ्यापुढे लपवायला काही शिल्लक ठेवलं नाहीस, हे तुझे उपकार.