गोदाबाईंचे दुपारचे पाय

विषय : मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांचे अपंगत्व ठरवून गावपातळीवरील सेवा आखणे.
संदर्भ : मंद्रूपच्या गोदाबाई कासार यांचा तीनचाकी सायकलीसाठी अर्ज.

सरकारी कचेरीत किस्से जमवावे लागत नाहीत. आपण फक्त फाईल उघडी ठेवायची, ते आपोआप आत शिरतात. ही फाईल सोलापुरात, सत्तरच्या दशकात कारकून म्हणून माझ्याकडे होती.

*

डॉक्टरांनी साहेबांना आजार समजावला : मज्जातंतूंचा विकार, कधी पाय चालत नाहीत, कधी पुन्हा चालतात. साहेबांनी फॉर्म पाहिला. त्यात हात, पाय आणि डोळे, आहेत किंवा नाहीत, एवढेच रकाने.

"म्हणजे पाय रजेवर जातात," साहेब म्हणाले. "अर्ज देऊन जातात का?"

*

तपासणी आमच्याच कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नव्हती. जिना चढून आला तो धडधाकट, न चढला तो गैरहजर. यादी दोन दिवसांत संपली. अहवालात मी सुवाच्य अक्षरात लिहिलं : सेवेची गरज असलेले कोणी आढळले नाही.

*

गोदाबाई मात्र वर आल्या. आठवडी बाजारात बांगड्या भरायच्या, घरात कमावणारं दुसरं कोणी नाही. सायकल मिळाली तर बाजार, नाहीतर पेटी कायमची बंद. साहेबांना ऊन सोसत नसल्यामुळे तपासणी सकाळी आठला असे. बाईंनी चालून दाखवलं. मी शेरा मारला, "चालतात."

काय लिहिलं, म्हणून त्यांनी विचारलं. मी वाचून दाखवलं.

"भाऊसाहेब, ह्ये सकाळचं पाय हायती. दुपारचं कुटं बघितलं तुमी? बाजार दुपारी भरतो की."

डॉक्टर म्हणाले, बाई बरोबर सांगताहेत, उन्हानं हा आजार बळावतो. फॉर्मात वेळेचा रकाना नव्हता. तरी साहेबांनी मोठ्या मनानं फेरतपासणी दिली : दुपारी दोन, मे महिना.

*

दोन वाजता गोदाबाई खालच्या पहिल्या पायरीवर बसलेल्या होत्या. भावानं बैलगाडीतून उचलून तिथवर आणलं होतं. पुढं पाय उचलत नव्हता. डॉक्टर खाली गेले, तिथंच तपासलं आणि सायकल द्यावी असं लिहून सही केली.

साहेबांनी कागद अडवला. तपासणी कार्यालयातच झाली पाहिजे, असा नियम.

"जिना आपलाच आहे ना?" डॉक्टर म्हणाले.

साहेबांनी वरून मार्गदर्शन मागवायला सांगितलं. मग मी पुण्याच्या वरिष्ठ कार्यालयाला पत्र लिहिलं, आणि मसुदा चांगला उतरला होता : "जिन्याची पहिली पायरी कार्यालयात धरावी किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन व्हावे."

मी निवृत्त झालो त्या दिवशीपर्यंत उत्तर आलं नव्हतं. अर्ज प्रलंबित आहे.