डोंगरावरच्या वस्तीला दहावा हवा होता

योकोहामाहून शुक्रवारी सकाळी निघाले. सॅकमध्ये आईने पाठवलेले पोहे होते. नागानोच्या डोंगरात ज्यूंची एक सामुदायिक वस्ती पुन्हा उभी राहते आहे आणि तिथे माझी गरज आहे, असा निरोप ऑफिसात आला होता. रेवदंड्याच्या आमच्या शनवार तेल्यांच्या (शनिवारी घाणा बंद ठेवणारे आम्ही कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायली) घरातली पहिली पदवीधर मी. मला कोणी मुद्दाम बोलावतं यात मला काहीच नवल वाटलं नाही.

शेवटच्या स्टेशनावर वस्तीचा प्रमुख याइर उभा होता. पायात गमबूट, हातात पाटी: 'इंजिनिअर, इंडिया'. गाडीतून उतरले मी एकटीच, तरी तो माझ्या मागे बघत राहिला.

"इंजिनिअर कुठे आहे?"

"समोर."

त्याने पाटी खाली केली. "आम्हाला दहावा पुरुष हवा होता."

वाटेत उलगडा झाला. सामुदायिक प्रार्थनेला दहा ज्यू लागतात. कर्मठ म्हणतात पुरुषच, बाकीचे म्हणतात बाईही चालते. याच भांडणात ही वस्ती पूर्वी एकदा मोडली. आता सगळ्या पंथांचे मिळून नऊ पुरुष जमवले होते. याइरच्या आईला जाऊन त्या संध्याकाळी वर्ष होत होतं आणि दहा जणांशिवाय तिच्यासाठीची प्रार्थना म्हणता येत नव्हती. त्याची जपानी बायको केइको ज्यू नव्हती, म्हणून तिला कोणीच मोजत नव्हतं. जेवत मात्र सगळे तिच्याच हातचं होते.

प्रार्थना रेशमाचे किडे पाळायच्या जुन्या घरात व्हायची. दारातच कर्मठांचे म्होरके शमुवेल आजोबा भेटले.

"ही तर बाई आहे."

"जन्मापासून," मी म्हटलं.

"तुमच्या गावात बायका मोजतात?"

"नाही. माझे वडील तुमचीच बाजू घेतील. पण ते इथे नाहीत, मी आहे."

"हिला मोजलंत तर मी सामान बांधतो."

"तुम्ही गेलात तर हिला धरून नऊच उरतात," याइर म्हणाला.

मी स्वयंपाकघरात गेले आणि आमच्याकडे एलियाहू नबीच्या नावाने करतात तो मलिदा करायला घेतला. पोहे भिजवले, साखर, खोबरं घातलं. केइकोने सफरचंद आणि काकी (नावावर जाऊ नका, नारिंगी फळ असतं) चिरून दिलं. दूध आणि मटण एकत्र आम्हा ज्यूंना चालत नाही, ते तपासायला आजोबा दारात येऊन उभे राहिले.

"दूध?"

"नाही."

"मटण?"

"मलिद्यात मटण? आजोबा, काहीतरीच काय."

"कधी मिळेल?"

"प्रार्थना झाल्यावर. आमच्यात आधी देत नाहीत."

ऊन डोंगराआड गेलं, तशी मी थाळी प्रार्थनेच्या जागी नेऊन ठेवली. आजोबा थाळीशेजारी बसून होते. याइर त्यांच्याकडे बघत उभा राहिला.

"मी काही मोजत नाहीये," ते म्हणाले. "मी खायला थांबलोय." आणि त्यांनी डोळे मिटले.

याइरने आईसाठीची प्रार्थना सुरू केली. अर्ध्यावर तो अडखळला आणि पुढचं काही त्याला आठवेना. तेव्हा डोळे न उघडताच आजोबांनी त्याला पुढचा शब्द दिला. मग त्याच्या पुढचाही.

एकमत काही झालं नाही. शनिवारभर सगळे मलिद्यात साखर किती हवी यावरून भांडले. रविवारी मी परत निघाले तेव्हा शमुवेल आजोबा आपल्या खोलीच्या सरकत्या दारांना खळ लावून नवा कागद चिकटवत होते. इथे हिवाळ्याआधी तसं करतात. ज्याला निघून जायचंय, तो असल्या खळीत हात कशाला घालेल?