पितरांसाठी राखलेली रांग

सासूबाई गेल्यावर आम्ही अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मीरा रोडहून सिंगापूरला आणलं. नवऱ्याची नोकरी तिथं होती. त्याआधी मीरा रोडच्या शांती नगरातल्या घरात अण्णा अडीच महिने एकटे राहिले आणि तेवढ्यात दोनदा गॅस चालू ठेवून झोपले. दुसऱ्यांदा समोरच्या गुजराती वहिनींनी दार बडवून त्यांना उठवलं आणि मला फोन केला. "भाभी, इनको ले जाओ. मैं रोज थोड़ी सूंघने बैठूंगी!"

मग ते घर विकायचं ठरलं. ठरवलं आम्ही दोघांनी, पण घर अण्णांच्या नावावर होतं, सही त्यांची हवी होती. कागद तीन आठवडे माझ्या कपाटात पडून होते. नवरा म्हणायचा, "तू विचार, तुझं ऐकतात." मी म्हणायचे, "वडील तुमचे." शेवटी विचारायचा दिवस मीच ठरवला.

चिनी लोकांचा पितरांचा महिना चालू होता. आपल्या पितृपक्षासारखाच, फक्त लांबलचक. फुटपाथच्या कडेला उदबत्त्या, संत्री, भाताचे वाडगे मांडलेले आणि पत्र्याच्या डब्यांत पितरांसाठी कागद जळत असायचे. आमच्या इमारतीमागच्या मैदानात मांडव घातला होता, संध्याकाळी गाण्यांचा कार्यक्रम होता. वरच्या मजल्यावरच्या चिनी मावशींनी आग्रहाने बोलावलं. अण्णांना गाण्यांची हौस. खुशीत घरी येतील, मग कागद पुढे करू, असा माझा बेत होता.

कार्यक्रम साडेसातचा. मी पावणेसातला सगळ्यांना घेऊन हजर. पाणी, हातपंखा, अण्णांच्या गोळ्या, लेकीसाठी बिस्किटं, सगळं पिशवीत. पाहिलं तर पहिली रांग अख्खी रिकामी. शांती नगरात गणपतीच्या ऑर्केस्ट्राला पुढची जागा हवी तर पाच वाजता जाऊन रुमाल टाकावे लागायचे. इथले लोक येऊन मुकाट मागे बसत होते. मला वाटलं, भिडस्त दिसतात. मी चार खुर्च्यांवर रुमाल टाकले आणि अण्णांना बरोबर मधे बसवलं.

"वा," अण्णा म्हणाले, "आज आपण पाहुणे कलाकार!"

मागे कुजबुज सुरू झाली, पण कुणी काही बोललं नाही. मावशी मांडवात शिरल्या आणि आम्हाला पाहून जवळजवळ धावतच आल्या. माझा दंड धरून हळू आवाजात इंग्रजीत म्हणाल्या, "इथं नाही. ही रांग गेलेल्यांची आहे. ते येऊन बसतात."

मी लेकीला खेचून उठवलं, रुमाल गोळा केले. नवरा केव्हाच उठला होता. अण्णा तसेच बसून.

"काय म्हणतात त्या?"

मी सांगितलं. "उठा अण्णा, लोक बघतायत."

"बघू देत. विचार त्यांना, कुणीही येऊन बसतं? की इथलेच?"

मी विचारलं नाही. अण्णांनी शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, मग काढून घेतला.

"तुझ्या सासूला कसं कळणार आपण इथं आलोय ते? कुणी सांगितलंय का तिला? ती तिथंच असेल, घरात. बाहेरून कुलूप."

मग ते स्वतःच उठले. शेवटच्या रांगेत जागा मिळाली. दोन तास गाणी चालली. त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

परतताना जिन्यात त्यांनीच विषय काढला. "कागद आलेत ना? दे, सही करतो. मी काय आंधळा आहे? पण विकण्याआधी दार उघडून तिला सांगून ये. तूच जा. हा विसरेल."

नवरा पुढे होऊन दार उघडू लागला.

महिन्याभराने मी एकटी मीरा रोडला गेले. घराचं दार उघडलं, खिडक्या उघडल्या. स्वयंपाकघरात उभी राहिले. शेवटी पाहुण्यांना सांगतात तसा पत्ता सांगितला. "आई, अण्णा आमच्याकडे आहेत. इमारत अमुक, मजला अकरावा. लिफ्ट दहाव्यावरच थांबते, पुढे एक जिना चढायचा. डावीकडचं दुसरं दार." बोलताना वेड्यासारखं वाटत होतं, तरी शेवटपर्यंत बोलले.

बाहेरून एजंटने हाक मारली, "भाभी, पार्टी नीचे खड़ी है, जल्दी करो ना!" मी घाईने बाहेर आले आणि किल्ली त्याच्या हातात दिली.

सिंगापूरला पोचले तर अण्णा दारातच उभे.

"सांगितलंस?"

"हो. सगळं नीट सांगितलं."

"मग? काय म्हणाली?"

मी चपला काढायला खाली वाकले आणि बराच वेळ काढत राहिले. बोलून झाल्यावर मी तिथं क्षणभरही थांबले नव्हते.