तुळईखालची खाट

माडीच्या फळ्यांवर लादी बसवायची, हे माझं खूळ. शेणवे गावातलं आमचं घर खाली मातीचं आणि वर सागाच्या फळ्यांची माडी. फटींतून धूळ थेट ताटात पडायची म्हणून बायको कावली होती. वडील म्हणाले, "लाकडावर लादी नाय टिकायची रे." मला कोणी नाही म्हटलं की ते करूनच दाखवायचं असतं. दुसऱ्याच दिवशी मी मुरबाडहून मिस्त्री आणला.

मिस्त्रीने सैल फळ्या स्क्रूने आवळल्या, वर आलेले खिळे ठोकून आत घेतले. त्यावर सिमेंटचे बोर्ड आणि बोर्डांवर लादी, असं ठरलं होतं. सामान अंगणात येऊन पडलं होतं. पण बोर्ड वर न्यायच्या आधी त्याने काठोकाठ भरलेला तांब्या मागवला, माडीच्या मधोमध ठेवला आणि मला म्हणाला, "चाला. रोज चालता तसं."

मी चार पावलं टाकली. पाणी सांडलं.

त्याने तांब्या परत भरला, मला दुसऱ्या टोकाकडून चालायला लावलं. पुन्हा सांडलं. मग तो पालथा पडून फटीतून खाली बघू लागला.

"दादा, लादी ऱ्हाऊ द्या. येवढं वजन पडलं तर तुळईच खाली यायची. हिच्या मधे खांब असनार. कुठं गेला? आन ही खाली खाट कुनाची?"

खाट वडिलांची होती. खांब मी काढला होता.

पाच वर्षांपूर्वी, माझ्या लग्नाआधी नवा सोफा घेतला आणि खांब टीव्हीच्या आड यायला लागला. वडील किन्हवलीला बाजाराला गेलेत असं बघून मी पाचर ठोकून काढली आणि खांब ओढून घेतला. ते आले, वर तुळईकडे बघितलं, बोलले काहीच नाहीत. संध्याकाळी ओट्यावरची आपली खाट आणून बरोबर खांबाच्या जागी टाकली. म्हातारा सूड उगवतोय, असं मी पक्कं धरून चाललो. पाच वर्षं त्या खाटेवरून भांडलो. माझी पोरगी खाटेजवळ खेळायला बसली की ते तिच्यावर खेकसायचे. तेही मी त्यांच्या खडूसपणात जमा केलं.

मी जिना उतरून खाली आलो. वडील खाटेवर बसले होते. त्यांनी वरचं सगळं ऐकलं असावं.

"बाबा, तो खांब..."

"गोठ्यात हाय. दगडांवर ठेवलाय."

दरवर्षी ते त्या खांबाला इंजिनचं जळकं तेल चोपडायचे, वाळवी लागू नये म्हणून. मी हसायचो.

"तुमाला ठाव होतं, मग बोलला का नाय?"

"बोललो आसतो तर तू दुसरा पन काडला आसतास."

मला भयंकर लाज वाटली. माझ्यामागून खाली आलेला मिस्त्री मान वळवून अंगणात बघत राहिला.

खांब आणला. तुळईखाली उभ्या केलेल्या जाड लाकडी बल्लीच्या बुडाशी गाडीचा जॅक लावून मिस्त्री तुळई उचलू लागला. लाकूड करकरलं, माती अंगावर पडली. वडिलांनी खाट हातभर सरकवली, पण तिथून हलले नाहीत. मी ओरडलो, बाहेर व्हा म्हणून. "पयला खांब," एवढंच म्हणाले. मी खांब छातीशी धरून उभा केला. मिस्त्रीने पाचर ठोकली, जॅक सोडला आणि आम्ही तिघंही वर बघत थांबलो. तुळई बसली.

माडीवर पुन्हा तांब्या भरून ठेवला. मी चाललो. पाणी जरासं थरथरलं, पण काठावरून आलं नाही. "आता बोर्ड आना," मिस्त्री म्हणाला.

मी खाली आलो तेव्हा वडील अंथरूण गुंडाळत होते. खाट त्यांनी एकट्यानेच उचलून ओट्यावर नेली. मग आत येऊन, दारात उभ्या असलेल्या माझ्या पोरीला म्हणाले, "ये गो. बस आता हितं."